‘मित्राची गोष्ट’: कारणमीमांसेच्या मर्यादा

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, हिचे नमाविषयीचे आकर्षण हा त्याचा गाभा. या नाटकाच्या चर्चेत ‘मित्रा अशी का झाली?’ हा प्रश्न सहज शिरतो. तिचा पुरुषी मोकळेपणा आणि महाविद्यालयीन नाटकातील पुरुषभूमिका ही उत्तरे मग हाताशी तयारच असतात.

या उत्तरांमागे मनोविश्लेषणाची छाया आहे. समलिंगी आकर्षणात फ्रॉईडने लैंगिक विकासाचा काहीसा खुंटलेपणा पाहिला. मात्र १९३५ मध्ये एका अमेरिकन मातेस लिहिलेल्या पत्रात त्याने त्यास आजार मानण्यास नकार दिला. त्याच्या अनुयायांनी पहिला भाग उचलला, दुसरा सोडला. पुढे एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या प्रक्षेपण चाचण्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. त्यांवरून कोण कोणत्या गटातील, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १९९० पर्यंत वेळ घेतला, म्हणजे मित्रा रंगमंचावर आली तेव्हा त्या यादीत ती ‘रुग्ण’च होती.

संहिता काय सांगते? पुरुषाशी आपले जुळणार नाही, हे मित्राला त्या भूमिकेपूर्वीच उमगले आहे; आत्महत्येचा प्रयत्नही त्याआधीचा. भूमिका हे निमित्त, कारण नव्हे. कालक्रमच उलटा असल्याने संगोपन-भूमिकेची मीमांसा येथे टिकत नाही. डॅरिल बेम यांनी १९९६ मध्ये मांडलेला, बालपणी परके वाटलेलेच पुढे आकर्षक ठरते हा सिद्धांतही स्त्रियांच्या अनुभवास कितपत लागू पडतो, यावर आक्षेप आहेत. सुमारे पावणेपाच लाख व्यक्तींच्या २०१९ मधील जनुकीय अभ्यासातही एकच एक जनुक सापडले नाही.

आकर्षण आणि आचार यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. पवनार येथे विनोबांनी १९५९ मध्ये स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींचे ब्रह्मचर्य हा स्वेच्छेने घेतलेला, आचाराचा निर्णय होय. त्यावरून कोणाच्याही आकर्षणाविषयी अनुमान काढणे अशास्त्रीय आणि असभ्यही ठरेल. मित्राच्या बाबतीत उलट घडते. तिने निर्णय घेतलेला नाही, तरी तिला निर्णयाचा जाब विचारला जातो.

नाटकाची खरी उणीव निराळी आहे. सर्व कथन बापू या पुरुष मित्राच्या तोंडून येते. त्याची सहानुभूती प्रामाणिक आहे, पण पुस्तकी ज्ञानाने बांधलेली आहे. मित्राच्या पत्राचा मन्या दळवीच्या हाती होणारा वापर हा उघड सामाजिक छळ आहे. तरीही बापूच्या कथनात तिचा शेवट स्वभावाची अटळ परिणती असल्यासारखा भासतो. तिच्या मृत्यूला तिचे आकर्षण जबाबदार की भोवतालची माणसे, हा प्रश्न बापू विचारत नाही, आणि नाटककारही त्याला तो विचारायला लावत नाही.