एकटा माणूस आणि बारा मुलगे

कोलशेत रस्त्याने आज जाणाऱ्याला दुतर्फा उंच मनोरे दिसतात. एके काळी येथे सँडोझ, बायर यांसारख्या कंपन्यांचे कारखाने होते आणि भोंग्यावर माणसांचा दिवस बेतला जाई, हे नव्या रहिवाशांच्या गावीही नसते. येथील कारखाने गेले; त्यांच्याबरोबर आलेला प्रश्न मात्र गेला नाही. ज्या चिमणीमुळे घरातली चूल पेटते, त्याच चिमणीच्या धुराविरुद्ध नागरिकाने तोंड उघडावे कसे? या प्रश्नाचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा एका जुन्या नाटकाकडे वळतो. हेन्रिक इब्सेन याचे 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' हे नाटक १८८२ साली प्रसिद्ध झाले. गोरेगावच्या सेमिनरीत असताना मी ते प्रथम वाचले, तेव्हा त्यातील नायकाने मला भारून टाकले होते. आज मात्र त्या नायकाविषयी माझ्या मनात काही शंका आहेत.

नाटकाचे कथानक साधे आहे. एका छोट्या शहराची भरभराट तेथील आरोग्यस्नानगृहांवर अवलंबून असते. स्नानगृहांचे पाणी चामडी कमावण्याच्या कारखान्यांमुळे दूषित झाले आहे, हे डॉक्टर स्टॉकमन सिद्ध करतो. आरंभी सर्वांना तो शहराचा उपकारकर्ता वाटतो. मात्र दुरुस्तीस दोन वर्षे लागतील आणि तिचा खर्च नागरिकांच्या माथी बसेल, असे नगराध्यक्ष असलेला त्याचा सख्खा भाऊ सांगतो आणि एकेकाचा पाठिंबा गळून पडतो. भरसभेत डॉक्टरला लोकशत्रू ठरविले जाते, त्याच्या घराच्या काचा फुटतात आणि शिक्षिका असलेल्या मुलीची नोकरी जाते.

या नाटकातील सर्वांत जिवंत पात्र मला डॉक्टर वाटत नाही, तर मुद्रक अस्लाक्सन वाटतो. हा घरमालकांच्या संघटनेचा पुढारी दुष्ट मुळीच नाही. त्याला सत्य हवे आहे, पण बेताने. कोणी दुखावले न जाता. त्याचे संवाद वाचताना मला हसू येते आणि लगेच मान खाली जाते. पूर्वी मी एका औद्योगिक वस्तीतील धर्मग्रामात होतो. रात्री सुटणाऱ्या उग्र वासाविरुद्ध काही तरुणांनी अर्ज लिहिला आणि माझी सही मागितली. 'जरा सबुरीने घ्या,' असे मी म्हणालो. आमच्या धर्मग्रामातील कित्येकांची रोजीरोटी त्या भागातील कारखान्यांवर होती, हे माझे कारण खोटे नव्हते. परंतु ते पुरेसेही नव्हते. तो अर्ज माझ्या सहीविना गेला.

इब्सेनची मर्यादाही नेमकी येथेच जाणवते. चामड्याच्या कारखान्यांत राबणारा कामगार त्याच्या रंगमंचावर कधी येतच नाही. येतो तो जमाव. आणि त्या जमावाविषयी डॉक्टर सभेत जे बोलतो त्यात तुच्छता भरलेली आहे. बहुमत चुकू शकते, हा त्याचा मुद्दा मान्य करावा लागेल. पण सामान्य माणूस हा निकृष्ट जातीचा प्राणी आहे, या टोकाला तो जातो, तेव्हा तो नागरिक राहत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा कामगारांचे प्राण गेले. प्रदूषणाचा आणि बेफिकिरीचा पहिला बळी कामगार असतो, आणि कारखाना हलवला तर पहिली कुऱ्हाडही त्याच्याच पायावर पडते. त्याला वगळून लिहिलेले पर्यावरणाचे नाटक अपुरेच राहणार.

सत्यजित राय यांनी १९८९ साली 'गणशत्रू' या चित्रपटात हे कथानक बंगालमध्ये आणले. तेथे दूषित होते ते मंदिरातील तीर्थ. इब्सेनचा नायक शेवटी एकटेपणातच सर्वश्रेष्ठ सामर्थ्य पाहतो. राय यांच्या डॉक्टरला मात्र बाहेरून तरुणांच्या घोषणा ऐकू येतात आणि आपण एकटे नाही हे त्याला उमगते. हा शेवट काही समीक्षकांना भाबडा वाटेल. मला तो अधिक खरा वाटतो.

आणि येथे आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या आत्मकथनाचे नाव आठवल्यावाचून राहत नाही : 'नाही मी एकला'. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात शेतजमिनी, विहिरी आणि टँकरने होणारा पाण्याचा उपसा हे विषय होते. त्यात निरनिराळ्या धर्मांची माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली. जणू त्या तीन शब्दांत इब्सेनला दिलेले उत्तरच आहे. तथापि एक फरक विसरता कामा नये. वसईकर स्वतःच्या वाडवडिलांच्या विहिरीसाठी लढला. कोलशेत आणि डोंबिवलीच्या नव्या वस्तीत बहुतेकांची विहीर दूर कुठेतरी गावी राहिली आहे. येथे आधी शेजार निर्माण करावा लागतो, मग लढा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले, त्याचा शहरी अर्थ मी असा घेतो.

इब्सेनवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवितो. एकटेपणाचा गौरव करण्यापूर्वीच त्याच्या डॉक्टरने शहर न सोडण्याचा निश्चय केलेला असतो. रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून आपण शाळा काढू, असे तो म्हणतो, आणि आरंभाला निदान बारा मुलगे हवेत असे सांगतो. बारा! हा आकडा ख्रिस्ती वाचकाला काय सांगतो, ते मी वेगळे सांगायला नको. नायकाच्या अखेरच्या उद्गारापेक्षा नाटककाराने त्याच्या तोंडी घातलेला हा आकडा मला अधिक शहाणा वाटतो.

पुढच्या वेळी कोणी अर्ज घेऊन दाराशी आले, तर मी सही करीन. पण त्याआधी ते कागद घेऊन त्या कारखान्यातील कामगाराच्या घरी जाईन आणि त्याच्याशेजारी बसून अर्ज पुन्हा लिहीन.