इमेजचे अर्धे नाव: डॉकरच्या एका सोयीची समीक्षा

कंटेनर शिकताना पहिल्याच तासाला तुम्ही 'डॉकर पुल पायथन' ही आज्ञा दिली असेल. ही इमेज कुठून आली, हा प्रश्न तेव्हा पडत नाही, कारण डॉकर ते नाव स्वतःच पूर्ण करतो: डॉकर.आयओ/लायब्ररी/पायथन:लेटेस्ट. एकाच सार्वजनिक रजिस्ट्रीपुरते काम असेल तर ही सोय उत्तम आहे. तिच्या जोडीला खासगी रजिस्ट्री आली की मात्र तीच सोय घातक ठरते, असे माझे मत आहे.

नियम असा: नावातील पहिल्या तिरक्या रेषेआधीच्या भागात टिंब किंवा कोलन असेल, किंवा तो भाग 'लोकलहोस्ट' असेल, तरच डॉकर त्याला रजिस्ट्रीचा पत्ता समजतो. एरवी तो डॉकर हबवरील खात्याचे नाव ठरतो. समजा, तुमच्या प्रकल्पगटाची खासगी रजिस्ट्री महाविद्यालयाच्या सर्व्हरवर आहे आणि हबवरही गटाचे त्याच नावाचे खाते आहे. पुश करताना सर्व्हरचा पत्ता लिहायचा राहिला, तर इमेज हबवर जाते. तेथे लॉगिन असेल तर चुकीचा संदेशही येत नाही, आणि सेटिंग बदललेले नसेल तर नवी रिपॉझिटरी सार्वजनिकच तयार होते. इमेजमध्ये पासवर्डची फाइल कॉपी झाली असेल तर तीही गेली. नंतरच्या थरात ती पुसली तरी आधीच्या थरात ती राहतेच.

पुल करतानाही हेच. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने लॉगिन नसलेल्यांसाठी दर सहा तासांना १०० पुलची मर्यादा घातली, आणि ती आयपी पत्त्यागणिक मोजली जाते. प्रयोगशाळेतील ६० जण एकाच आयपीमागे बसून पायथन आणि पोस्टग्रेस ओढू लागले की १२० पुल झाले. मागच्या बाकांना इमेज मिळत नाही. उपाय म्हणजे प्रयोगशाळेत कॅश, म्हणजे मिरर, बसवणे. पण डॉकरचे मिरर सेटिंग फक्त हबच्या इमेजना लागू होते, आणि मिरर बंद पडला तर डॉकर गुपचूप थेट हबकडे वळतो. नावावरून काहीच कळत नाही. कळते ते मर्यादा संपल्यावर.

रेड हॅटने आपल्या डॉकरमध्ये अधिक रजिस्ट्री जोडण्याचा पर्याय दिला होता. मूळ डॉकरने तो स्वीकारला नाही. एक नाव प्रत्येक यंत्रावर एकाच ठिकाणी पोचले पाहिजे, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटतो. पॉडमनमध्ये अर्ध्या नावासाठी रजिस्ट्रींची यादी क्रमाने शोधता येते. यादीत सार्वजनिक रजिस्ट्री आधी असेल आणि तेथे कुणी तुमच्या अंतर्गत इमेजच्याच नावाने काही ठेवले असेल, तर तुमच्या सर्व्हरवर त्याचा कोड चालेल. म्हणून पॉडमनचे दस्तऐवजही पूर्ण नावच सुचवतात. डॉकरच्या युक्तिवादातून खरे तर पत्ता सक्तीचा करावा, हाच निष्कर्ष निघतो. तो टाळून स्वतःच्या हबला विनापत्ता मान देणे मला तांत्रिकपेक्षा व्यापारी सोय अधिक वाटते.

पूर्ण पत्त्यानेही टॅगचा प्रश्न सुटत नाही. तोच टॅग उद्या वेगळ्या इमेजवर लावता येतो; नेमकी तीच इमेज हवी असेल तर डायजेस्ट लिहावा लागतो. सरावासाठी तुमची जुनी कंपोज फाइल उघडा आणि 'इमेज' असलेल्या ओळींपैकी किती ओळींत पत्ताच नाही, ते मोजा.