पेन, फुले आणि निसर्गदत्त हक्क

मृत पिढ्यांना जिवंतांना बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, हे थॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ (१७९१-९२) या ग्रंथातील एक प्रमुख प्रतिपादन होय. जोतीराव फुले यांच्यावरील या ग्रंथाचा प्रभाव सर्वश्रुत आहे. तथापि तेवढ्यावरून त्यांना पेनचे अनुयायी ठरविणे अपुरे होईल. पेनचा रोख वंशपरंपरागत राजसत्तेवर होता. फुल्यांनी तोच युक्तिवाद धर्मग्रंथांनी पवित्र ठरविलेल्या जातिभेदावर रोखला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकदत्त हक्क स्त्री व पुरुष या उभयतांचे म्हणून सांगितले आहेत. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांस खुला करणाऱ्या या लेखकाच्या विचारात लोकशाहीची कसोटी राजदरबाराइतकीच पाणवठ्यावर लागते. त्याचे स्वतंत्र कर्तृत्व ते हेच.