'ब्लडी' : व्युत्पत्ती, निषेध आणि वर्ग

शिवीचा अर्थ शोधू लागले की अभ्यासक सहसा तिच्या उगमाकडे वळतो. शब्द कोठून आला हे कळले, की तो का बोचतो हेही कळेल, अशी त्यामागची धारणा असते. आपल्याकडील व्युत्पत्तिविचारातही ही धारणा खोल रुजली आहे. 'मूळ अर्थ' आणि 'खरा अर्थ' ही पदे आपण अनेकदा एकमेकांच्या जागी वापरतो. इंग्रजीतील 'ब्लडी' या सर्वपरिचित अपशब्दाचा इतिहास या धारणेची कसोटी घेण्यास उपयुक्त आहे. या शब्दाचा उगम निरुपद्रवी दिसतो, त्याचा शिवी म्हणून असलेला आशय जवळजवळ रिता आहे, आणि तरीही दीडशेहून अधिक वर्षे सभ्य इंग्रजी समाजाने तो छापण्याचेही टाळले. शब्दात नसलेली ही शक्ती त्याला कोठून मिळाली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१

'ब्लडी'चा वाच्यार्थ 'रक्ताचा' किंवा 'रक्ताळलेला' असा आहे. युद्ध, हत्या, जखम यांच्या संदर्भात तो आजही त्याच अर्थाने येतो आणि तेथे कोणालाही खटकत नाही. शिवी म्हणून येताना मात्र या अर्थाचा मागमूस उरत नाही. विशेषणापूर्वी आला की तो 'अतिशय' एवढेच सांगतो. मग ते विशेषण निंदेचे असो वा स्तुतीचे. नामापूर्वी आला की वक्त्याचा वैताग, क्वचित त्याची सलगी व्यक्त करतो. तो शब्दाच्या पोटातही शिरू शकतो. 'अ‍ॅब्सोल्यूटली' या शब्दाचे 'अ‍ॅब्सो-ब्लडी-लूटली' असे रूप इंग्रजी वक्ता सहज करतो, आणि ही घुसवणूक मुख्य आघाताच्या अक्षराआधीच होते. ज्याला स्वतःचा अर्थ नाही, त्याच्या वापराला इतका काटेकोर नियम आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अर्थाची अशी झीज आपल्याला अपरिचित नाही. 'भयंकर गोड' किंवा 'भयंकर आवडले' असे म्हणताना मराठी वक्त्याच्या मनात भय नसते. परंतु 'भयंकर'ची झीज झाल्यावर तो शब्द निषिद्ध झाला नाही. 'ब्लडी'च्या बाबतीत झीज आधी झाली आणि निषेध मागाहून आला. म्हणून केवळ अर्थपरिवर्तनाच्या नियमांनी या शब्दाचा उलगडा होत नाही.

व्होलोशिनोवने १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषाविषयक ग्रंथात दोस्तोयेव्हस्कीची एक नोंद विवेचनासाठी घेतली आहे. मद्यधुंद कामगारांचे एक टोळके एकच अश्लील शब्द आळीपाळीने उच्चारत संपूर्ण संभाषण पार पाडते. प्रत्येकाचा स्वर निराळा, म्हणून प्रत्येकाचे म्हणणेही निराळे. शिवीचा अर्थ तिच्या कोशगत आशयात नसून उच्चाराच्या सामाजिक प्रसंगात असतो, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

२

'ब्लडी'च्या उगमाविषयी अनेक मते मांडली गेली. सर्वांत लोकप्रिय मत असे की, 'बाय अवर लेडी' म्हणजे 'आमच्या मातेची (कुमारी मेरीची) शपथ' या शपथेचा हा अपभ्रंश आहे. दुसरे मत त्याला 'देवाच्या रक्ता'च्या, म्हणजे ख्रिस्ताच्या रक्ताच्या शपथेशी जोडते. दोन्ही मतांमागे एकच ओढ आहे: शब्द एवढा निषिद्ध आहे, तर त्याच्या मुळाशी काहीतरी पाप असलेच पाहिजे. पहिल्या मताविरुद्ध एरिक पार्ट्रिजने स्वनिक आक्षेप घेतला. मला वाक्यरचनेचा आक्षेप अधिक निर्णायक वाटतो. शपथ ही वाक्याबाहेर उभी राहणारी उद्गारवाचक रचना असते. 'ब्लडी' मात्र आरंभीच्या नोंदींपासूनच विशेषणाला चिकटून येतो. १६७६ साली रंगभूमीवर आलेल्या जॉर्ज इथरेजच्या 'द मॅन ऑफ मोड' या सुखात्मिकेत तो मद्यपानाच्या संदर्भात, 'पुरता झिंगलेला' अशा अर्थाच्या पदबंधात येतो. जोनाथन स्विफ्टने १७१० ते १७१३ या काळात स्टेलाला लिहिलेल्या पत्रांत उकाड्याचे वर्णन करताना तो सहजपणे योजला आहे. एका धर्मोपदेशकाला स्त्रीला लिहिलेल्या पत्रात ज्याचा संकोच वाटला नाही, त्या शब्दाला त्या काळी ईश्वरनिंदेचा वास असणे संभवत नाही.

अर्नेस्ट वीकली यांनी १९२१च्या आपल्या व्युत्पत्तिकोशात या प्रयोगाची सांगड डच आणि जर्मन भाषांतील 'रक्त'वाचक शब्दाच्या निव्वळ तीव्रतादर्शक उपयोगाशी घातली. जर्मनमध्ये 'ब्लूटयुंग' म्हणजे अगदी कोवळ्या वयाचा, 'ब्लूटआर्म' म्हणजे अत्यंत दरिद्री. या मतात कोणतेही पाप दडलेले नाही. बहुधा म्हणूनच ते लोकप्रिय झाले नाही.

या वादातील सर्वांत बोलका पुरावा 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात आहे. जेम्स मरे यांच्या संपादनाखालील या कोशाने शपथेशी असलेला संबंध नाकारला आणि सतराव्या शतकाच्या अखेरच्या 'ब्लड्स'कडे, म्हणजे दंगेखोर उमराव तरुणांकडे, निर्देश केला: या तरुणांसारखा झिंगलेला तो 'ब्लडी' झिंगलेला. त्याच नोंदीत कोश असेही सांगतो की, हा शब्द आता अगदी खालच्या वर्गांच्या तोंडी सतत असतो, प्रतिष्ठित लोक त्याला अश्लील भाषेच्या पंक्तीला बसवतात, आणि वृत्तपत्रे पहिले व शेवटचे अक्षर देऊन मधे रेघ छापतात. कोशकाराने ठरवलेला उगम उमरावांच्या बैठकीतला आहे आणि नोंदवलेला निषेध कामगारांच्या वस्तीतला आहे. व्युत्पत्ती शब्दाची शक्ती स्पष्ट करत असती, तर या नोंदीचे दोन भाग एकत्र नांदलेच नसते.

३

या दोन भागांमधील अंतर निषेधाच्या इतिहासाने भरून निघते. १६०६ साली इंग्लंडच्या संसदेने नटांच्या उच्चारांवर निर्बंध घालणारा कायदा केला. रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेने किंवा अनादराने घेतल्यास दहा पौंडांपर्यंत दंड होता. या व्यवस्थेत शब्दाचा अपराध देवाविरुद्ध घडत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मध्यमवर्गाचा उदय होत गेला, तसा अपराधाचा पत्ता बदलला. आता शब्द वक्त्याला उघडा पाडू लागला: तो कोणत्या घरातला, कोणत्या गल्लीतला, हे सांगू लागला. अर्थाने रिकामा झालेला शब्द या कामासाठी फार सोयीचा ठरतो, कारण 'हा बोलणारा कोण' एवढेच तो सांगू शकतो. १८८७ साली गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'रडिगोर' या संगीतिकेचे शीर्षक काही प्रेक्षकांना 'ब्लडी'च्या फार जवळचे वाटले आणि पहिल्या प्रयोगानंतर थोड्याच दिवसांत त्याचे वर्णलेखन बदलावे लागले. 'रडी' म्हणजे तांबूस. तेथे शपथही नव्हती, शिवीही नव्हती. नुसती चाहूल पुरेशी ठरली.

४

बर्नार्ड शॉने ही यंत्रणा नेमकी ओळखली होती. 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग १९१३ साली व्हिएन्नामध्ये जर्मन भाषेत झाला. म्हणजे जो शब्द या नाटकाची ओळख बनला, तो पहिल्या प्रयोगात उच्चारला गेलाच नव्हता. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये एलायझाच्या भूमिकेतील मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी तो उच्चारला आणि प्रेक्षागृहात दीर्घ हशा उसळला. नाट्यपरवान्याचे अधिकार असलेल्या लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाने मात्र शब्द कायम ठेवून परवाना दिला होता.

या प्रसंगाविषयी लिहिताना समीक्षक बहुधा एलायझापाशीच थांबतात. फुले विकणारी मुलगी निर्दोष उच्चारात सवयीचा शब्द बोलून जाते, ही विसंगती उघडच आहे. परंतु तिसऱ्या अंकातील हे दृश्य एलायझा गेल्यावर संपत नाही. खालावलेल्या घराण्यातील, प्रतिष्ठेसाठी आसुसलेली क्लारा या शब्दाला उच्चभ्रूंच्या संभाषणाची नवी तऱ्हा समजते आणि हिगिन्सने चिथावल्यावर स्वतःही तो वापरते. तिची आई शहारते. दोघी तरुणींनी उच्चारलेला शब्द एकच आहे. एलायझाच्या तोंडी तो नकळत तिचे मूळ उघड करतो, क्लाराच्या तोंडी तो फॅशन होतो. शब्दाची नीच-उच्चता बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरते, हे शॉने प्रतिपादन न करता घडवून दाखवले आहे. नाटकामागोमाग लंडनमध्ये 'ब्लडी'च्या जागी 'पिग्मॅलियन' हाच शब्द गमतीने वापरण्याची टूम निघाली. नाटकाचे नावही शिवीची जागा भरू शकले, यावरून ती जागा आशयाची नव्हती हे सिद्ध होते. पुढे १९५६च्या 'माय फेअर लेडी'त हा प्रसंग अ‍ॅस्कटच्या शर्यतीच्या मैदानावर नेण्यात आला आणि धक्क्यासाठी दुसरा शब्द योजावा लागला. जुन्याचे वर्गनिदर्शक काम संपत आले होते.

५

शब्दाने समाज बदलला की त्याचे मूल्य बदलते. ऑस्ट्रेलियात १८४७ साली अलेक्झांडर मार्जोरीबँक्स या प्रवाशाने एका बैलगाडीवानाच्या तोंडचे 'ब्लडी' पाव तास मोजून, पन्नास वर्षांत तो १ कोटी ८२ लाख वेळा हा शब्द उच्चारेल असा हिशेब मांडला. वसाहतीत जो शब्द आपलेपणाची खूण बनला, तोच २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन-जाहिरातीत आल्यावर ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर काही काळ अडवला गेला. आपल्याकडे तर त्याचे मूल्य उलटेच झाले. मराठी बोलण्यात 'ब्लडी' येतो तो साहेबाचा, फौजी अधिकाऱ्याचा, इंग्रजी शाळेत शिकलेल्याचा शब्द म्हणून. लंडनमध्ये फुलवालीला उघडा पाडणारा शब्द येथे इंग्रजी येत असल्याचा दाखला ठरतो. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी 'पिग्मॅलियन'चे 'ती फुलराणी' हे रूपांतर केले, तेव्हा मंजुळेच्या सामाजिक स्थानाचा भार समग्र बोलीवर टाकावा लागला. आशय रिता, पण वर्गाची खूण पक्की, असा एकच शब्द मराठीत उपलब्ध नाही.

हा अभाव भाषेचा तुटवडा म्हणून पाहणे चुकीचे होईल. मराठीतील अनेक शिव्या जातिनामांवर आणि स्त्रीच्या देहावर उभ्या आहेत. त्यांचा आशय रिता झालेला नाही, कारण ज्या उतरंडीतून त्या आल्या ती अजून उभी आहे. तेथे 'मूळ गळून पडले' असे म्हणण्याचा अधिकार शिवी देणाऱ्याला नाही. मात्र नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाल्यावर त्यातील भाषेला जेव्हा 'शिवराळ' म्हटले गेले, तेव्हा निषेधाची यंत्रणा 'ब्लडी'च्याच वाटेने चालली होती: वस्तीचे नाव न घेता वस्तीला बाहेर ठेवण्याची ती रीत होती. म्हणून अपशब्द वाचताना समीक्षकाने 'हा कोठून आला' या प्रश्नावर थांबू नये. तो कोण उच्चारतो, कोणासमोर उच्चारतो आणि त्यावर बोट ठेवणारा कोणत्या पायरीवर उभा आहे, हे प्रश्न त्यापुढचे आहेत. आणि यांतील शेवटचा प्रश्न समीक्षकाने स्वतःलाही विचारायला हवा.