‘नेमाडे’ : एका विरळ आडनावाची उत्पत्ती आणि तिच्या पुराव्याची चिकित्सा

१

आडनावांची व्युत्पत्ती हा विषय मराठीत जितका लोकप्रिय आहे तितकाच तो अशास्त्र राहिला आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीत ध्वनिनियमांची मर्यादा निदान तत्त्वतः तरी मान्य केली जाते. आडनावाच्या बाबतीत मात्र ध्वनिसादृश्य दिसले की अभ्यासक थेट स्थलांतराच्या इतिहासावर उडी घेतो, आणि एका कुळाच्या नावावरून साऱ्या ज्ञातीचे मूलस्थान ठरवून मोकळा होतो. खानदेशात ही प्रवृत्ती विशेष दिसून येते. गुजराती, राजस्थानी, निमाडी, भिली आणि मराठी अशा भाषांचा जेथे संगम झाला आहे, तेथे कोणत्याही आडनावाला दोन-तीन दिशांनी ओढता येते व प्रत्येक दिशेला एक आख्यायिका तयारच असते. प्रदेशाचे नावही यातून सुटलेले नाही. फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या पदवीशी ‘खानदेश’ हे नाव जोडले जाते. तेच कान्हदेश, सेऊणदेश, स्कंददेश अशा अनेक रूपांतूनही काढून दाखविले गेले आहे. इ.स. १६०१ मध्ये अकबराने शाहजादा दानियाल याच्या नावावरून या प्रांताला ‘दानदेश’ म्हटले. राजाज्ञेने दिलेले हे नाव टिकले नाही आणि लोकांच्या तोंडचे नाव टिकले, ही गोष्ट नामाभ्यासकाने प्रारंभीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या पद्धतीची परीक्षा करावयाची तर त्यासाठी एखादे विरळ आडनाव घेणे सोयीचे. विरळ आडनावाचा आवाका लहान असतो, त्यामुळे अनुमानातील दोष लवकर उघडे पडतात. ‘नेमाडे’ हे असे एक आडनाव होय. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातील लेवा पाटीदार समाजात ते आढळते. आणि यावल तालुक्यातील सांगवी येथे १९३८ मध्ये जन्मलेले कादंबरीकार भालचंद्र नेमाडे यांच्यामुळे ते साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाले आहे. मात्र परिचित असणे आणि संख्येने पुष्कळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२

‘नेमाडे’ म्हणजे नेमाडचा, अर्थात् निमाडचा रहिवासी, ही व्युत्पत्ती सर्वांना सुचणारी आहे, आणि ध्वनिदृष्ट्या तीत काही दोष नाही. सातपुड्याच्या उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यातील या प्रदेशाला मराठीत ‘नेमाड’ असे रूप आहे. प्रदेशनामावरून आडनाव बनविण्याची ही रीतही मराठीत रूढ आहे : कोकण–कोकणे, माळवा–माळवे, कानडा–कानडे. मूळ पुल्लिंगी रूपाचे आदरार्थी अनेकवचन करून ही आडनावे सिद्ध होतात. याच साच्यात ‘नेमाडे’ चपखल बसते.

प्रतिपक्षही नोंदला पाहिजे. याच समाजात ‘चिरमाडे’ असे आडनाव आहे. दोन्हींचा शेवट सारखा असल्यामुळे ‘-माडे’ हा एखादा स्वतंत्र घटक मानून ‘ने-माडे’, ‘चिर-माडे’ असा विग्रह कोणी केला तर त्याला उत्तर द्यावे लागेल. उत्तर असे की, ‘ने’ या पूर्वपदाला मराठीत अर्थ लावता येत नाही, आणि ‘नेमाड’ हे प्रदेशनाम तर शेजारीच उभे आहे. एका व्युत्पत्तीत सर्व घटकांचा उलगडा होतो व दुसरीत अर्धा घटक निरर्थक राहतो, तेव्हा पहिली स्वीकारावी, हा साधा नियम येथे पुरेसा आहे.

परंतु हाच नियम प्रतिकूल ठिकाणीही तितक्याच कठोरपणे लावला पाहिजे. ‘बऱ्हाटे’ हे याच भागातील आडनाव ‘वऱ्हाड’ या प्रदेशनामावरून आले असे सांगण्याचा मोह होतो. व-कार आणि ब-कार यांची अदलाबदल समजण्यासारखी आहे. पण मूळ ‘ड’चा ‘ट’ कसा झाला याचा खुलासा मिळत नाही. मराठीत दोन स्वरांमधील ‘ट’चा ‘ड’ होणे ही परंपरागत वाट आहे. उलट दिशेचा प्रवास सिद्ध करावयास स्वतंत्र पुरावा हवा. शिवाय ‘वऱ्हाडे’ हे अपेक्षित रूप आडनाव म्हणून मराठीत विद्यमान आहेच. म्हणून ‘नेमाडे’ची व्युत्पत्ती ग्राह्य धरणाऱ्याने ‘बऱ्हाटे’ची प्रचलित व्युत्पत्ती नाकारली पाहिजे. दोन्ही एकाच सुरात सांगणारा अभ्यासक केवळ कानाने ऐकतो आहे, असे म्हणावे लागते.

३

व्युत्पत्ती ग्राह्य ठरली, तरी तिच्यापासून काय सिद्ध होते हा खरा प्रश्न आहे. सामान्यतः असे मानले जाते की, ‘नेमाडे’ हे आडनाव निमाडातून आले. हे विधान बारकाईने पाहिले तर चुकीचे ठरते. निमाडात राहणाऱ्या माणसाला निमाडात कोणी ‘नेमाडे’ म्हणणार नाही. तेथे सर्वच निमाडचे. हे नाव तेव्हाच सार्थ होते, जेव्हा तो माणूस निमाडाबाहेर येतो आणि त्याला ओळखण्यासाठी शेजाऱ्यांना त्याचे परकेपण हेच सोयीचे लक्षण वाटते. म्हणजे कूळ निमाडचे असेल, पण आडनाव खानदेशचे आहे. कुळाची उत्पत्ती आणि आडनावाची उत्पत्ती या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांची स्थळेही वेगळी असतात.

शब्दाचे रूपही याचीच साक्ष देते. निमाडी बोली ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात राजस्थानीच्या दक्षिणी शाखेत घातलेली आहे. तिच्यातील पुल्लिंगी नामांचा ओकारान्त एकवचनाकडे कल आहे. ‘नेमाडे’तील एकारान्त आदरार्थी अनेकवचन हे मराठी प्रत्ययव्यवस्थेचे आहे. प्रदेशनामाचे ‘नि-’ऐवजी ‘ने-’ हे रूपही मराठी वापरातलेच. तात्पर्य, हे आडनाव मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी घडले, एवढे भाषिक पुराव्याने निश्चितपणे म्हणता येते. त्यापलीकडे भाषिक पुरावा जात नाही.

युरोपातही हाच अनुभव आहे. फ्रेंच आडनावांत ‘लांग्ल्वा’ म्हणजे इंग्रज, ‘लालमाँ’ म्हणजे जर्मन, ‘पिकार’ म्हणजे पिकार्दी प्रांताचा अशी नावे आहेत. ती इंग्लंडात किंवा जर्मनीत नव्हे, तर फ्रेंच भाषकांत निर्माण झाली. आणि त्यांतील प्रत्येक नाव धारण करणाऱ्याच्या परकेपणाची नोंद शेजाऱ्यांनी केलेली आहे. त्यातही नाव मिळालेला मनुष्य त्या प्रदेशाचा मूळचाच असेल असे नाही. तेथे काही काळ राहून, चाकरी वा व्यापार करून परतलेल्यालाही असे नाव चिकटू शकते.

विशेष म्हणजे या तत्त्वाचे उत्तम उदाहरण याच आडनावाच्या लेखकाने मराठी साहित्यात ठेवले आहे. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोसला’ या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर होय. सांगवीत राहणाऱ्या कोणालाही ‘सांगवीकर’ म्हणून वेगळे ओळखता येणार नाही. ते आडनाव पुण्यास शिकावयास गेलेल्या मुलालाच शोभते. खानदेशच्या शेतकरी कुळांत ‘-कर’ प्रत्ययाची आडनावे कोकणाच्या मानाने कमीच. तेव्हा हे कल्पित आडनाव नायकाच्या गावाबरोबरच त्याचे गावापासून तुटणेही सांगून जाते. ‘नेमाडे’ आणि ‘सांगवीकर’ ही दोन्ही नावे एकाच व्याकरणाने बोलतात : दोन्ही, माणूस सध्या जेथे नाही, त्या ठिकाणचे नाव सांगतात.

४

आता या आडनावावर उभारल्या जाणाऱ्या ऐतिहासिक अनुमानाकडे वळावे. लेवा समाजात मूळ गुजरातचे असल्याची परंपरा आहे, आणि ‘लेवा’ व गुजरातेतील ‘लेउवा’ या ज्ञातिनामांतील साम्य तिच्या पुष्टीसाठी दाखविले जाते. ‘नेमाडे’ हे आडनाव मग दोन परस्परविरोधी पक्षांच्या कामी येते. एक पक्ष म्हणतो, हा समाज निमाडातून आला, गुजरातची कथा खोटी. दुसरा म्हणतो, गुजरातेतून निमाडमार्गे आला, म्हणून कथा खरी. एकाच पुराव्याने दोन्ही निष्कर्ष निघत असतील तर तो पुरावा त्या प्रश्नाचा नव्हेच. आडनाव फार तर एका घराचा शेवटून दुसरा मुक्काम सांगते. त्यापूर्वीच्या मुक्कामांविषयी ते मौन पाळते, आणि शेजारच्या घरांविषयी तर त्याला बोलण्याचा अधिकारच नाही.

शिवाय निमाड आणि खानदेश यांमधील सीमा अचल नव्हती. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर. मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणेही तेच. रावेर-यावलचा शेतकरी आणि असीरगडच्या खिंडीपलीकडचा शेतकरी दीर्घकाळ एकाच बाजारपेठेचे गिऱ्हाईक होते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, बुऱ्हाणपूर मात्र त्यानंतरही बराच काळ शिंद्यांच्या ताब्यात राहिले. आज ते मध्य प्रदेशात आहे. आजच्या नकाशावरील राज्यसीमा डोळ्यांपुढे ठेवून ‘नेमाडे’ या नावात दूरदेशीचे स्थलांतर पाहणे हा कालविपर्यास ठरेल. ते कदाचित दोन-तीन दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेचे नाव असेल.

ध्वनिनियमांनी निर्दोष असलेली व्युत्पत्तीही किती थोडे सिद्ध करते, याचे दुसरे उदाहरण ‘अहिरराव’ हे होय. ‘आभीर’पासून ‘अहिर’ येणे ‘गभीर’पासून ‘गहिरा’ येण्याइतके नियमित आहे, आणि नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याचा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील लेख आहे. परंतु शब्दाची परंपरा अखंड असली म्हणजे वंशाची परंपरा अखंड ठरत नाही. ‘अहिर’ हे विशेषण खानदेशातील सोनारांसारख्या कारागीर ज्ञातींच्या पोटभेदांनाही लागते, आणि बोलीला ‘अहिराणी’ म्हणतात. म्हणजे पुढे ते कुळापेक्षा प्रदेशाचे वाचक झाले. अशा नावावरून रक्ताचा इतिहास लिहिणे धाडसाचे आहे.

वि. का. राजवाडे यांनी नामांकडे वसाहतीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, हे त्यांचे मोठे ऋण होय. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि तेथील संशोधन मंडळ त्यांच्याच नावाने उभे आहे. परंतु प्रत्येक नामाला संस्कृत पूर्वज शोधण्याची त्यांची पद्धती शिष्यांनी उचलली आणि दप्तर तपासण्याची त्यांची चिकाटी मागे पडली. वारशाची ही वाटणी उलट व्हावयास हवी होती.

५

राहता राहिला संख्येचा प्रश्न. फ्रान्समध्ये आडनावांच्या लोकसंख्येचा अभ्यास शक्य झाला तो नोंदींच्या सातत्यामुळे. १५३९ च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदी आवश्यक ठरल्या. १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावाखेरीज दुसरे नाव धारण करण्यास मनाई झाली. आणि राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या नामसूचीत १८९१ ते १९९० पर्यंतच्या जन्मांची आडनावे पंचवीस-पंचवीस वर्षांच्या चार कालखंडांत स्थलवार पाहता येतात. त्यामुळे एखादे विरळ आडनाव प्रथम कोणत्या जिल्ह्यात दाटलेले होते व तेथून कसे पांगले हे तेथे दाखविता येते. भारतीय जनगणना आडनावांची कोष्टके प्रसिद्ध करीत नाही. मतदारयाद्या मोजणे हा जो पर्याय विद्यार्थी स्वीकारतात, तो खानदेशात फसवा आहे.

याचे कारण येथील लेखनव्यवहारात आहे. पाटील, चौधरी, महाजन, देशमुख ही अधिकारवाचक आणि प्रतिष्ठावाचक उपपदे कुळनामांच्या जागी लिहिली जातात. कवयित्री बहिणाबाई (१८८०–१९५१) माहेरच्या महाजन, सासरच्या चौधरी. असोद्याचे माहेर आणि जळगावचे सासर या दोन्ही घरांची लेखी नावे त्यांच्या मूळ ठिकाणाविषयी काहीही सांगत नाहीत. ज्या घराचे कुळनाम नेमाडे आहे पण दप्तरी ‘पाटील’ लागले आहे, ते यादीत नेमाडे म्हणून सापडणार नाही. म्हणून ‘विरळ आडनाव’ याचा अर्थ विरळ कूळ असा होत नाही. ते पुष्कळदा केवळ लेखणीने विरळ केलेले असते.

दुसरा भ्रम असा की, विरळ नाव म्हणजे अलीकडचे नाव. पितृवंशाने चालणारी आडनावे कालांतराने आपोआप नष्ट होत जातात, याचा गणिती विचार फ्रान्समध्ये बिएनेमे याने १८४५ मध्ये व इंग्लंडात गॅल्टन आणि वॉटसन यांनी १८७४ मध्ये केला. एखाद्या पिढीत मुलगे न झाले की शाखा संपते. दहा प्राचीन घरांपैकी एकच उरू शकते. विरळता ही वयाची खूण नव्हे, योगायोगाची आहे.

उपाय एकच : घरोघर लिखित आडनाव व बोलण्यातले कुळनाम अशी दोन्ही नावे स्वतंत्र रकान्यांत घ्यावीत, त्यांच्याशी जुनी शाळादप्तरे, जमिनीचे उतारे आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या ताडून पाहाव्यात. एकाच गावसमूहात, एकाच कुलदैवताखाली हे नाव दाटलेले आढळले तर एक मूळपुरुष संभवतो. निरनिराळ्या गावांत व दैवतांत विखुरलेले आढळले तर निमाडहून आलेल्या वेगवेगळ्या घरांना वेगवेगळ्या शेजाऱ्यांनी दिलेले ते एकच नाव ठरेल. दुसऱ्या पक्षी, एका आडनावात सोयरीक टाळण्याच्या रिवाजाने मुळात परकी असलेली घरे भाऊबंद झाली, असाही निष्कर्ष निघेल. आणि तो मूलस्थानाच्या कोणत्याही वादापेक्षा समाजशास्त्राला अधिक मोलाचा ठरेल.

आडनाव हे वंशाचे प्रमाणपत्र नाही. ती शेजाऱ्यांनी ठेवलेली ओळख आहे. तिच्यावरून ज्ञातीचे उच्चनीचत्व वा भूमिपुत्रत्व ठरविणारे प्रबंध लिहिले जातात तेव्हा भाषाशास्त्र नकळत वकिली करू लागते. ‘नेमाडे’ या चार अक्षरांहूनही लहान शब्दाने एवढेच सांगितले आहे की, कोणे एके काळी सातपुड्यापलीकडून एक मनुष्य आला, आणि गावाने त्याला नाव देऊन आपल्यात घेतले. अभ्यासकाने त्याहून अधिक त्याच्या तोंडी घालू नये.