उतरत्या पाखाचं घर

गुहागर तालुक्यात एका परिचित कुटुंबानं नुकतंच जुन्या धाटणीचं नवं घर बांधलं. रस्त्यावरून पाहिलं की आधी डोळ्यांत भरतं ते छप्पर. दोन्ही पाखं आढ्यापासून निघतात आणि थेट पडवीवर उतरतात, इतकी खाली की उंच माणसाला आत शिरताना मान लववावी लागते. या घराचं पहिलं सौंदर्य मला याच ठेंगणेपणात दिसलं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाऱ्याबरोबर तो आडवा येतो. भिंत कोरडी ठेवायची तर छपरानं तिच्यापुढे वाकलंच पाहिजे.

हल्ली ‘कोकणी घर’ म्हणून पुष्कळदा उतरता स्लॅब ओततात आणि वर कौलं चिकटवतात. फोटोत फरक कळत नाही. वैशाखातल्या दुपारी माजघरात बसलं की कळतो. तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत धग सोडत राहतो. इथे कौलं रिपांवर नुसती अडकवली आहेत. फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि एखादं कौल फुटलं तर तेवढंच काढून दुसरं बसवता येतं. माजघरावर एक काचेचं कौल आहे. त्यातून उतरलेला उन्हाचा चौकोन सकाळी देवघराच्या उंबऱ्याशी असतो आणि दुपारपर्यंत जमिनीवरून सरकत पार दुसऱ्या भिंतीपाशी जातो.

वासे लोखंडी चौकोनी पाइपचे आहेत. काहींना हे खटकेल; मला खटकलं नाही. ज्या मंगलोरी कौलांना आपण परंपरा म्हणतो, ती तरी बासेल मिशनच्या मंगळूरच्या कारखान्यातून १८६५ च्या सुमारास निघू लागली. त्याआधी कोकणातली घरं नळीच्या कौलांनी नाहीतर गवतानं शाकारली जात. टिकाऊ आणि सोयीचं दिसलं ते जुन्या माणसांनी मोकळ्या मनानं घेतलं. वाळवीच्या मुलखात लोखंडी वासा त्याच शहाणपणातला आहे.

भिंती जांभ्याच्या. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हत्यारानं सहज तासता येतो. उघड्या हवेत राहिला की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकाननला मलबारात याच गुणाचं नवल वाटलं होतं; १८०७ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्याची नोंद आहे. इथल्या गवंड्यानं दर्जा बारीक आणि किंचित आत दाबून भरल्या आहेत. त्यामुळे नजर सिमेंटवर अडत नाही. दगडाची भोकं, त्यातला तांबडा-पिवळा रंग, पहारीचे ओरखडे, सगळं सलग दिसतं. आतून मात्र गिलावा आणि चुना दिलाय, तेही योग्यच. नाहीतर खोल्या काळवंडतात.

एकच गोष्ट मनाला पटली नाही. ओटीवर घाटावरच्या कुठल्याशा पाडलेल्या वाड्याचे कोरीव सागवानी खांब आणून उभे केले आहेत. खांब सुरेख आहेत. पण एवढ्या अबोल घरात त्यांचा आवाज फार मोठा होतो. फणसाचा साधा, गोल तासलेला खांब इथे शोभला असता.

ही उणीव मागच्या पडवीत भरून निघते. पुढच्यापेक्षा ती रुंद आहे. पावसाचे चार महिने जळण, नारळाची सोडणं, वाळत घातलेले कपडे, सगळं तिथेच येतं. घरातल्या बायकांना विचारूनच ही रुंदी धरली, असं गवंड्यानं सांगितलं.