९७, ऑर्चर्ड स्ट्रीट : भाडेकरूंच्या घरातला एक हंगाम

थोरामोठ्यांची घरे पाहायची आपल्याला सवय आहे. पलंग, चष्मा, दौत, हार घातलेली तसबीर, आणि हे सगळे दोरीच्या अलीकडून पाहायचे. जयंती-पुण्यतिथीला अंगणात मांडव पडतो, व्याख्यान होते. एरवी रखवालदार आणि शाळांच्या सहली. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट या घरात मात्र कोणीही थोर माणूस राहिलेला नाही. लुकस ग्लॉकनर नावाच्या एका जर्मन शिंप्याने १८६३ साली ही पाचमजली इमारत भाड्याने देण्यासाठी बांधली. पुढच्या बहात्तर वर्षांत तिथे सुमारे सात हजार माणसे राहून गेली. १९३५ मध्ये अग्निसुरक्षेच्या नियमांप्रमाणे दुरुस्ती करण्याऐवजी मालकाने भाडेकरूंनाच बाहेर काढले. खालची दुकाने चालू राहिली, वरचे मजले बंद झाले, ते १९८८ पर्यंत. त्या वर्षी रूथ एब्रम आणि अनिता जेकबसन यांनी टेनेमेंट म्युझियमची स्थापना केली. टेनेमेंट म्हणजे आपल्या भाषेत चाळच, फक्त गॅलरी नसलेली.

२०२४ च्या हिवाळ्यात मी मुलीकडे जर्सी सिटीला होतो. नदीखालून जाणाऱ्या गाडीने या संग्रहालयात सात वेळा गेलो. सात वेळा जावे लागले, कारण इथे आत शिरून मनासारखे हिंडता येत नाही. एका तिकिटात एक फेरी, एका फेरीत एखाद-दुसरे कुटुंब, आणि सोबत मार्गदर्शक. इथला जाहीर कार्यक्रम हाच संग्रह आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मांडलेल्या वस्तू जुन्या बाजारातही मिळतील अशा. किंमत आहे ती त्या कशा क्रमाने, कोणत्या कागदाच्या आधारे सांगितल्या जातात याला. म्हणून या लेखात मी संग्रहालयाचे वर्णन न करता एका हंगामातल्या कार्यक्रमांची परीक्षा करणार आहे.

सगळ्यात भक्कम वाटली ती नॅथली गुम्पर्ट्झची गोष्ट. १८७३ च्या आर्थिक मंदीनंतरच्या वर्षी तिचा नवरा ज्युलियस एका सकाळी कामाला म्हणून घराबाहेर पडला आणि परत आलाच नाही. पदरात चार मुले. ती याच खोल्यांत शिवणकाम करू लागली. नऊ वर्षांनी, १८८३ मध्ये, जर्मनीतल्या सासऱ्याच्या वारशातले सहाशे डॉलर मिळावेत म्हणून तिने नवऱ्याला मृत ठरवण्याचा अर्ज न्यायालयात केला. त्या अर्जामुळेच ती आज आपल्याला ठाऊक आहे. सुमारे सव्वातीनशे चौरस फुटांच्या तीन खोल्या. त्यांतली रस्त्याकडची एकच उजेडाची. शिवणयंत्र तिथेच का ठेवले असेल, हे मार्गदर्शकाला सांगावे लागत नाही. स्वयंपाकघरात उभे राहिले की ते आपोआप कळते. भिंत, कागद आणि बाई अशा तिन्ही साक्षी इथे एकमेकींना धरून आहेत.

त्याच मजल्यावर सिसिलीहून आलेल्या बाल्दिझी कुटुंबाचे घर आहे. तिथे मार्गदर्शक गप्प होतो आणि मुलीचा, जोसेफीनचा, म्हातारपणी ध्वनिमुद्रित केलेला आवाज ऐकू येतो. शेजारी रोगार्शेव्हस्की हे ज्यू कुटुंब. शब्बाथच्या संध्याकाळी त्यांना दिवा लावता येत नसे, म्हणून ही कॅथलिक पोर जाऊन लावून येई. गिरगावात ज्याचे बालपण गेले आहे त्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. पण इथेच मला पहिली शंका आली. शेजारधर्माची गोष्ट फार लवकर गोड होते. १९०५ पूर्वी इमारतीत आतले संडास नव्हते, त्यानंतर दर मजल्यावर दोन आले. अब्राहम रोगार्शेव्हस्की १९१८ मध्ये क्षयाने गेला आणि त्याच्या विधवेने याच इमारतीची झाडलोट पत्करली. हे सगळे सांगितले जाते. तरी बाहेर पडताना लक्षात राहतो तो दिवाच. आपणही चाळीबद्दल लिहिताना, बोलताना हेच करत आलो आहोत. संडासाबाहेरची रांग विनोदात घालवतो आणि गणपती तेवढा गंभीरपणे आठवतो.

तळघरातल्या श्नायडर दांपत्याच्या दारूगुत्त्याची फेरी रंजक आहे. त्यापेक्षा अधिक तिच्याबद्दल लिहिण्यासारखे नाही. शेजारच्या १०३ क्रमांकाच्या इमारतीत २०१७ पासून दुसऱ्या महायुद्धानंतरची तीन कुटुंबे भेटतात : नाझींच्या छळातून वाचलेले ज्यू, पोर्तो रिकोहून आलेले आणि चिनी. इथे काळ इतका जवळचा आहे की मुले हयात आहेत, आणि पाहणारा जरा जपून बोलतो.

या हंगामाचा खरा प्रश्न पाचव्या मजल्यावर होता. १८६९ च्या सुमारास ९७ क्रमांकात जोसेफ मूर नावाचा आयरिश वेटर राहत होता. त्याची तान्ही मुलगी अॅग्नेस इथेच गेली. शहराच्या त्या वेळच्या नामसूचीत त्याच्या नावालगत दुसरा जोसेफ मूर सापडतो. तोही वेटरच, पण नावापुढे तो कृष्णवर्णीय असल्याची खूण. हे पान आयरिश कुटुंबाच्या फेरीत दाखवले जाई, आणि पाहुणे पुन्हा पुन्हा विचारत : हा दुसरा कोण? अखेर संग्रहालयाने त्याचा शोध घेतला. तो न्यू जर्सीतल्या बेल्व्हिडिअरचा. पत्नी रेचल. राहायला लॉरेन्स स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या सोहो भागात. त्या दोन खोल्यांत एक आयरिश बाई आणि तिचा मुलगाही राहत. ते घर आज उभे नाही. म्हणून २०२३ च्या डिसेंबरात ९७ क्रमांकाच्या पाचव्या मजल्यावर त्याच्या घराची प्रतिकृती उभी राहिली.

हे जाहीर झाले तेव्हा बराच गदारोळ झाला. आयरिश कुटुंबाला हटवून कृष्णवर्णीयांना आणले जात आहे, असा ओरडा झाला. हा आक्षेप मला खोटा वाटतो. आयरिश मूरांची गोष्ट तिथे अजून सांगितली जाते. पण त्यामागे एक खरा आक्षेप आहे, आणि तो गदारोळात हरवला. जो माणूस या घरात राहिलाच नाही, त्याला या घराच्या भिंती कशी साक्ष देणार?

मी स्वतःवरून सांगतो. मार्गदर्शक बाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते, की हे मूर इथे राहिले नाहीत. मी मान डोलावली. पाऊण तासाने बाहेर पडताना मी दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि मनात आले, त्याचाही हात इथे लागला असेल. जिन्यात दोन पायऱ्या उतरल्यावर चूक लक्षात आली. दोष कोणाचाच नव्हता. घराच्या रूपात मांडलेला तर्क ऐकणाऱ्याला घर म्हणूनच आठवतो, हा या प्रकाराचा गुण आहे आणि धोकाही. माझ्या मते त्या खोलीत निदान एक भिंत उघडी ठेवायला हवी होती. याच इमारतीत काही खोल्या मुद्दाम पडक्या, पापुद्रे सुटलेल्या ठेवल्या आहेत. त्या पाहताना कोणाची फसगत होत नाही.

असे असूनही या फेरीच्या बाजूने मी कौल देईन. प्रश्न पाहुण्यांनी विचारला होता. संग्रहालयाने तो टोलवला नाही, पुराभिलेखात जाऊन उत्तर आणले. या संस्थेला ती जुनी सवय आहे. २००४ पासून फेरी संपल्यावर पाहुण्यांना टेबलाभोवती बसवून आजच्या स्थलांतरितांबद्दल बोलते करण्याचा उपक्रम तिने चालवला होता. ‘किचन कॉन्व्हर्सेशन्स’ हे त्याचे नाव. व्याख्यानाआधी आभार आणि नंतर चहा, या आपल्या परिपाठात ‘हा दुसरा कोण?’ असे विचारायला जागाच नसते.

उणीव आहे ती रचनेत. नॅथली, बाल्दिझी आणि दोन्ही मूर एकमेकांशी बोलतात ते सातव्या फेरीनंतर. एका दुपारसाठी येणारा पाहुणा एकच कुटुंब पाहून जातो. त्याच्या हाती एक गोष्ट लागते. हंगामाचा युक्तिवाद लागत नाही.

वरळीच्या बीडीडी चाळी आता पडत आहेत, टॉवर उभे राहत आहेत. एखादी चाळ राखून तिथे संग्रहालय करावे, अशी कल्पना मांडली गेली आहे. ते झाले तर पितळी पिंप, पाट, ग्रामोफोन सहज मिळतील. परत आल्यावर मी थोरल्या भावाला आमच्या चाळीच्या भाडेपावत्यांबद्दल विचारले. आईने त्या तारेला टोचून ठेवल्या होत्या. खोली विकली तेव्हा रद्दीत घातल्या, असे तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, “पण पावती तिसऱ्याच माणसाच्या नावाने यायची. आपण पोटभाडेकरू होतो, तुला कोणी सांगितलं नाही?”